एकवीस दिवसांची वही: आईची किमो घराला कशी समजली

आमच्या दादाला किमो समजली ती द्राक्षबागेमुळे.

तासगाव भागात ज्याची बाग आहे त्याच्या घरी एक वही असतेच. फळछाटणी कोणत्या तारखेला झाली, तिथून दिवस मोजायचे. कितव्या दिवशी डोळे फुटले, कितव्या दिवशी डिपिंग (घड औषधात बुडवणं), कुठली फवारणी कधी, ढग कधी आले, सगळं त्यात. मिरजेला दवाखान्यात डॉक्टर आईच्या उपचाराचा आराखडा सांगत होते, "दर एकवीस दिवसांनी एक डोस, असे आठ." मी नुसती मान हलवत होते, डोक्यात काही शिरत नव्हतं. दादानं खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "डोसचा दिवस शून्य धरायचा का एक?"

डॉक्टर हसले. "एक धरा," म्हणाले.

मी डॉक्टर नाही. सांगलीत हायस्कूलला गणित शिकवते. पण गेल्या वर्षभरात जे उशिरा कळलं ते कुणाला तरी लवकर कळावं म्हणून लिहिते आहे. आईला स्तनाचा कॅन्सर होता. दुसऱ्या कॅन्सरला औषधं वेगळी, चक्र वेगळं, पण घरात जे घडतं ते बरंचसं सारखंच.

गाठ आईला आठ महिने माहीत होती. दुखत नव्हती म्हणून बोलली नाही. इथंच बायका फसतात. स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि आपल्याकडे न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कुणी मिरजेची एसटी पकडत नाही. हळद काढायची होती, मग द्राक्षं, मग भाच्याचं लग्न.

तपासणीत पहिलं काम म्हणजे सुईनं तुकडा काढणं. "तुकडा काढला की पसरतो" हे आम्हाला कमीत कमी दहा जणांनी सांगितलं. तसं होत नाही. तुकडा न तपासता औषध ठरवणं म्हणजे माती न बघता खत टाकणं. त्या तुकड्यावर नंतर आयएचसी नावाची तपासणी होते आणि तिला वेळ लागतो. घरच्यांना वाटतं, दवाखाना दिवस घालवतोय. पण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. गाठीच्या पेशींवर हॉर्मोनची कुलपं आहेत का, हर-२ नावाचं प्रथिन जास्त आहे का, हे त्यातून कळतं. कुलपं असतील तर नंतर पाच वर्षं किंवा जास्त काळ रोज एक गोळी. हर-२ असेल तर त्याचं वेगळं इंजेक्शन, साधारण वर्षभर. शेजारच्या गावातल्या काकूंना गोळी आहे आणि आपल्या आईला नाही, याचा अर्थ कुणाचा डॉक्टर हुशार आणि कुणाचा नाही असा नसतो. गाठच वेगळी असते.

आणखी एक प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. आम्ही तो तिसऱ्या भेटीत धीर करून विचारला: हा उपचार बरं करण्यासाठी आहे की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? दोन्हीसाठी औषधं देतात, पण घरानं मनाची तयारी कसली करायची ते या उत्तरावर आहे. आईच्या बाबतीत उत्तर मिळालं, "बरं करण्यासाठी. आधी किमोनं गाठ लहान करू, मग ऑपरेशन, मग शेक, म्हणजे किरणोपचार."

हे सगळं आईच्या पाठीमागे चाललं होतं. आत्यानं ठरवून टाकलेलं, वहिनीला (म्हणजे आमच्या आईला) सांगू नका, हाय खाईल. आम्हीही मान डोलावली. बाहेरच्या बाकड्यावर आईला बसवून आम्ही आत जायचो आणि तिला सांगायचो, साधी गाठ आहे, औषधानं विरघळेल. समोरच्या पाटीवर 'कॅन्सर' हा शब्द हातभर मोठ्या अक्षरात लिहिलेला होता आणि आमची आई जुनी सातवी पास.

तिनं आम्हाला पंधरा दिवस ते नाटक करू दिलं.

तर मग एकवीस दिवसच का? आपल्या अंगातल्या काही पेशी सावकाश वाढतात, काही भराभर. कॅन्सरच्या पेशी थांबायचं विसरलेल्या असतात. किमोची नेहमीची औषधं भराभर दुभंगणाऱ्या पेशींना गाठून मारतात. औषधाला कॅन्सर ओळखू येत नाही, वेग ओळखू येतो. वेगानं वाढणाऱ्या चांगल्या पेशीही अंगात आहेतच: केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, आणि हाडांच्या पोकळीतला मगज, जिथं रक्त तयार होतं. म्हणून केस जातात, तोंड येतं, पोट बिघडतं आणि रक्तातल्या पेशी उतरतात. दादानं लगेच तणनाशकाची तुलना केली आणि ती बरीचशी बरोबर आहे. तण मरतं, पण पिकालाही झळ बसते. फरक एवढाच की पीक सावरतं. चांगल्या मगजाला सावरायला सुमारे तीन आठवडे लागतात, कॅन्सरच्या पेशींना तसं नीट सावरता येत नाही. सावरलेल्या अंगावर पुढचा डोस आणि न सावरलेल्या गाठीवर पुढचा घाव, असा हा हिशोब. सगळ्या पेशी एकाच वेळी दुभंगत नसतात, म्हणून एका डोसात काम होत नाही.

आईला पहिले चार डोस लाल औषधाचे होते. सलाईनच्या नळीतून सरबतासारखं लालभडक उतरतं. त्याआधी हृदयाची इको करतात, कारण ते औषध हृदयाला जड जाऊ शकतं. ते शिरेबाहेर सांडलं तर मांस भाजतं, म्हणून सुईच्या जागी जरा जरी चुरचुरलं तरी लगेच ओरडून सांगायचं, सोसत बसायचं नाही. आमच्या आईसारख्या 'चालतंय की' म्हणणाऱ्या बाईला हे शिकवणं सगळ्यात अवघड गेलं. त्या दिवशी लघवी लाल होते. आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आईला वाटलं रक्तच चाललंय, आणि वहिनी मला फोनवर रडत होती. दोन दिवस लघवी-उलटीतून औषधाचा अंश बाहेर पडतो, तेवढे दिवस संडासात दोनदा पाणी टाकायचं, उलटीचं भांडं हातमोजे घालून धुवायचं, तिचे कपडे वेगळे धुवायचे. याचा अर्थ तिला शिवायचं नाही असा अजिबात नाही. कॅन्सर लागत नाही. नातीनं कुशीत झोपायला हरकत नव्हती, फक्त नातीला सर्दी-खोकला नको.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते. दिलेल्या वेळी घ्यायची, मळमळ असो वा नसो. पहिल्या डोसाला आईनं 'आता बरं वाटतंय' म्हणून दुपारची गोळी ठेवून दिली आणि रात्रभर मोरीत बसून काढली. दुसऱ्या डोसापासून वहीत गोळीपुढे वेळ आणि टिक.

आता या चक्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. माणूस मात्र तोवर जरा बरा दिसायला लागलेला असतो. मळमळ गेलेली, दोन घास जातायत, अंगणात येऊन बसते. म्हणून घरचे बेसावध होतात. दादानं वहीत या आठ दिवसांवर लाल रेघ ओढली आणि लिहिलं, 'फुलोऱ्यात पाऊस'. बागवाल्याला याहून जास्त सांगावं लागत नाही.

दुसऱ्या डोसाचा अकरावा दिवस होता. रात्री साडेदहाला वहिनीनं थर्मामीटर लावला, १००.८. शेजारच्या मामी म्हणाल्या, तापाची गोळी दे, सकाळी बघू. घरातल्या कुठल्याही माणसाला आपण तेच केलं असतं. पण किमोत १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, ही वेस आहे. ताप त्याच्या वर गेला की गोळी देऊन वाट बघायची नाही, त्याच वेळी निघायचं. कारण जंतूंशी लढणारे शिपाईच कमी असतात, त्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही धड येत नाही. ताप ही एकच खूण असते आणि गोळीनं आपण नेमकी तीच पुसून टाकतो. संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. दादानं गाडी काढली, तासाभरात मिरज. दारातच सांगायचं: "किमो चालू आहे, आज अकरावा दिवस, ताप आहे." या तीन गोष्टी सांगितल्यावर कुणी रांगेत उभं केलं नाही. रक्त काढलं, लगेच शिरेतून अँटिबायोटिक. चार दिवसांनी आई घरी आली.

त्यानंतरच्या डोसांना पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहून दिलं. डोस झाल्यावर किमान एक दिवस सोडून पोटाच्या कातडीत देतात. ते थंडच ठेवावं लागतं. आम्ही बर्फाच्या डब्यातून आणायचो. त्यानं कंबर आणि मांड्या ठणकतात, कारण मगज जोरात कामाला लागलेला असतो. दर डोसाआधी रक्त तपासतात आणि पेशी कमी असतील तर डोस आठवडाभर पुढे ढकलतात. आमचा एकदा ढकलला. घरात सुतक आल्यासारखं झालं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मगजाला चार दिवस जास्त हवे होते, एवढंच.

फुलोऱ्यातला खरा पाऊस म्हणजे पाहुणे. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला न जाणं हा गुन्हा आहे. लोक मायेनं येतात, हे खरंच. बिस्किटाचा पुडा आणि शहाळं घेऊन येतात, आईच्या खाटेवर टेकतात, तिचा हात हातात घेतात, आणि मग आपल्या चुलतसासूला असंच होऊन ती कशी गेली ते सविस्तर सांगतात. एका दिवशी मी मोजले, सतरा माणसं. वहिनी सतरा कप चहा करून वर आईचं मुगाचं कढण करत होती. आम्हाला कुणाला नाही म्हणायचं धाडस होईना. शेवटी आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जे घरात फारसं बोलत नाहीत, सोप्याबाहेर लिंबाखाली चार खुर्च्या मांडल्या आणि स्वतः तिथं बसले. येईल त्याला तिथंच बसवायचे. "डॉक्टरनी आत सोडू नका म्हटलंय. सोळाव्या दिवसानंतर या, मग भेटा." डॉक्टरांच्या नावावर खपवलेलं कुणाला लागत नाही. आणि चहा बंद. हे आबांचंच.

केस पहिल्या डोसानंतर दोन ते तीन आठवड्यांत जातात. आईचे सोळाव्या दिवशी फणीत आले, अठराव्या दिवशी उशीवर मूठभर. डोक्याची कातडी दुखते तेव्हा, हे आम्हाला माहीत नव्हतं. आधीच बारीक कापून घेतले तर त्रास कमी होतो असं नर्सबाई म्हणाल्या होत्या, पण आई तयार होईना. आम्हाला वाटलं केसांचा जीव. तिचं कारण वेगळं होतं. "मालक जिवंत असताना डोकं भादरायचं?" तिच्या आजीचं केशवपन झालेलं तिनं लहानपणी बघितलं होतं. यावर मी काय बोलणार? किमो संपल्यावर केस येतात, हे सांगून या प्रश्नाचं उत्तर होत नव्हतं. आबा पायरीवर सुपारी कातरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "भादर की. मी हाय हितंच." वहिनीनं कात्री आणली. नंतर आईनं कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं आणि नातीचं लोकरीचं टकुचं घातलं, ते तिला लहान होत होतं.

खाण्याबद्दल जितके सल्ले मिळाले तितके पैसे मिळाले असते तर उपचार फुकट झाले असते. सांगली ही हळदीची पेठ, इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा हळदीनं कॅन्सर जातो हे इथं ऐकायला मिळणारच. डाळीत, भाजीत, दुधात चिमूटभर हळद खुशाल घ्यावी. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट आहे. त्यातलं प्रमाण स्वयंपाकापेक्षा कैक पट असतं, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, काही औषधांच्या कामात अडथळा येऊ शकतो आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. हीच गोष्ट कुठल्याही काढ्याची. मावशीनं एका वैद्याची पुडी आणली होती. ती लपवून देण्याऐवजी डॉक्टरांपुढे ठेवली, आणि डॉक्टर रागावले नाहीत, किमो संपेपर्यंत थांबा म्हणाले. मावशीचाही मान राहिला.

उपयोगाचं सांगायचं तर तोंड आल्यावर आमची कांदा-लसूण चटणी घरातून हद्दपार झाली. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा टाकून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. जेवण तीन वेळचं न ठेवता सहा-सात वेळचं, वाटीवाटीनं: कढण, आंबील, मऊ भात, उकडलेलं अंडं. स्टीलच्या ताटात सगळं लोखंडासारखं लागतं म्हणाली, तर चिनी मातीच्या बशीत द्यायला लागलो. लाल रेघेच्या दिवसांत कच्ची मोडाची मटकी नाही, उघड्यावरचं काही नाही, केळं-संत्र्यासारखी सोलून खायची फळं. म्हणजे घरची बाग घडांनी लगडलेली आणि आईला वेलीवरचा मणी तोडून तोंडात टाकता येत नव्हता. ही गोष्ट तिनं केसांपेक्षा जास्त मनाला लावून घेतली.

पैशाचं थोडक्यात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाला, गाठा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण दवाखाना योजनेत हवा आणि मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. आधी रोख भरू, मागनं योजनेत बसवू, असं ठरवू नये. काही तपासण्या आणि येण्याजाण्याचा खर्च तरी अंगावर येतोच.

मुंबईला न्यावं का, यावर आमच्याकडे भाऊबंदकीची बैठक झाली. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून परळला आहे, नाव मोठं, आणि एकदा दुसरं मत घ्यायला काहीच हरकत नाही. आम्ही गेलो. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी दादर. दवाखान्यातून फॉर्म भरून घेतला तर उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीत तिकीट माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं किती घरांनी असे दिवस काढले असतील. जाताना नुसते रिपोर्ट नेऊन चालत नाही. तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्यायच्या, नाहीतर तिथं गेल्यावर खोळंबा. तिथं आराखडा बघून म्हणाले, हेच डोस आम्ही दिले असते, घराजवळ घ्या. मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी दवाखाना काढल्यापासून कर्नाटकातून लोक इथं येतात आणि आपण मिरजेतून बाहेर पळतो, असं आबा परतीच्या गाडीत म्हणाले. परिस्थितीप्रमाणे एखाद्याला मुंबईला राहावंही लागेल. पण तासाभराच्या रस्त्यावर रात्री अकराला पोचता येतं, याची किंमत आम्हाला अकराव्या दिवशी कळली होती.

ऑपरेशन आणि शेक यांना आई किमोपेक्षा कमी घाबरली आणि त्रासही कमीच झाला. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या बाजूनं घागर उचलायची नाही, रक्त काढू द्यायचं नाही, आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम चुकवायचा नाही. शेक हा शब्दच चुकीचा आहे. त्यात चटका नसतो, मशीनखाली काही मिनिटं पडून राहायचं. डोक्याचे केस जात नाहीत, अंगात किरणं राहत नाहीत, नातीला जवळ घेता येतं. आठवड्याला पाच दिवस असे तीन आठवडे जाणं-येणं, हाच काय तो शीण. कातडी काळवंडते, सुती, सैल झंपर शिवून घ्यावेत.

मला विचारतात, तुलाही होईल का? आनुवंशिक दोषामुळे होणारा स्तनाचा कॅन्सर शंभरात पाच ते दहा जणींचा. मी डॉक्टरांना विचारून माझी तपासणी कधीपासून करायची ते ठरवून घेतलं आणि विषय बंद केला.

एक गोष्ट राहिली, आणि ती सांगताना मला लाज वाटते. तिसऱ्या डोसापर्यंत मी या घराची मॅनेजर झाले होते. फाइल माझ्याकडे, डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे, दादाच्या वहीवर माझं बारीक अक्षर. आईला काय होतंय ते मी वहिनीला विचारायचे. नवव्या दिवशी मी फोनवर वहिनीला विचारत होते, जुलाब किती वेळा, पाणी किती गेलं, आणि मागून आईचा आवाज आला. "माझ्या अंगात काय चाललंय ते मला सोडून समद्यांना म्हाईत हाय."

शनिवारी गेले तेव्हा ती खाटेवर चष्मा लावून बसली होती, मांडीवर वही. दादानं पहिल्या पानापासून सगळं वाचून दाखवलं होतं म्हणे, तुकड्याच्या रिपोर्टपासून. तिनं मला एकच विचारलं, आणखी किती डोस, आणि बोटावर मोजून घेतले. पाच. मग म्हणाली, थर्मामीटर कसा बघायचा ते दाखव.

तिथून पुढची पानं तिच्या अक्षरात आहेत. जुन्या सातवीचं, शिरोरेषा आधी ओढून खाली अक्षरं टांगलेलं. सहाव्या डोसाचं हे एक पान माझ्यासमोर आहे:

दिवस १७. ताप न्हाई. भाकरी दीड. तोंड बरं. सून चार दिस माहेरी धाडली, लई दमलीया. पोरीला फोन केला, ती उचलत न्हाई.